सहा, दोन, दहा

सहाव्या दिवशी ताप आला.
त्याआधी सगळं बरं होतं. टाके सुकलेले,
डोक्यातून निघालेली नळी, खाली पिशवी,
पिशवीत विहिरीसारखं नितळ पाणी.
मग ते तांदळाच्या धुवणासारखं झालं.

नथ्थू कोहचाडे, वायरमन, वय एक्केचाळीस,
बोंडटोल्याच्या खांबावरून पडलेला.
मान लाकडासारखी.
हनुवटी छातीला टेकेना.

पंचफुला विचारते,
"सिस्टर, हा ताप आला कोठून जी?
घरी तं कोणाले सर्दीबी नव्हती."
मी सलाईनचे थेंब मोजते.
थेंब मोजताना बोलायचं नसतं, असं तिला सांगून ठेवलंय.
ते खरं नाही.

सहा, दोन, दहा.
मेरोपेनेम दोन ग्रॅम, आठ-आठ तासांनी.
व्हॅन्कोमायसिन सावकाश, तासाच्या वर,
घाई केली तर माणूस मिरचीसारखा लाल होतो.
डॉक्टर म्हणाले, जंतूचं नाव कळेपर्यंत
अंधारात काठी फिरवायची,
पण जोरात फिरवायची.

नाव तिसऱ्या दिवशी कळलं.
रिपोर्टाच्या उजव्या रांगेत आर, आर, आर,
यात्रेच्या दिवशी शाळेचा हजेरीपट असावा तसा.
तळाशी एकच एस. कोलिस्टिन.

असला जंतू धुऱ्यावर भेटत नाही, बांधीत नाही,
खांबावर तर नाहीच.
तो इथला.
नळाच्या तोटीवर, पलंगाच्या दांडीवर,
ट्रॉलीच्या मुठीवर,
इथल्याच औषधांवर पोसलेला,
आमच्या हातांनी या खाटेवरून त्या खाटेवर फिरणारा.

जुनी नळी काढली, नवी घातली.
तिच्यातून थेट मेंदूच्या पोकळीत
चमचाभरही नसेल एवढं औषध,
मग तासभर नळी बंद.
तो तास मी घड्याळाकडे बघितलं नाही,
पंचफुलाच्या नखांकडे बघितलं.
रोवणीचा चिखल अजून तिथेच.

रात्री दोनच्या डोसला लाईट गेली.
पंप बॅटरीवर टिकटिकू लागला.
मी टॉर्च शोधत होते,
खाटेवरून आवाज आला,
"फेज गेला."

बारा दिवसांत पहिला शब्द.
मी टॉर्च शोधायची थांबले.

सकाळी ताप होताच, जरा उतरलेला.
मान दोन बोटं वाकली.
एकवीस दिवस पुरे करायचेत,
रोज किडनीचा आकडा बघत.

आज तिला सांगितलं,
ताप कोठून आला ते.
ती काही बोलली नाही.
बादलीतून लोटाभर पाणी घेतलं
आणि माझ्या हातांवर ओतत राहिली.
साबणदानीत साबण नव्हता.