साखळीचं टोक

तेवीस वर्षं झाली, कॉलेजांच्या फुटबॉलपोरांना
पेन्सिल्व्हेनियाच्या डोंगरांतून इकडून तिकडे नेते.
कोण कुठल्या डिव्हिजनचं, ते स्कोअरबोर्डाला नका विचारू.
रात्री बस झाडताना कळतं.

सीटखाली केमिस्ट्रीची वही, अर्ध्यात सोडलेलं गणित,
कुणाच्या तरी आईनं बांधून दिलेल्या मीटलोफचं फॉइल:
डिव्हिजन तीन.
इथं खेळाचा छदाम मिळत नाही. पोरंच फी भरतात,
कॉलेजच्या खानावळीत भांडी घासतात,
आणि शनिवारी दुपारी एकमेकांना आडवं करतात
कुणी सांगितलं नसताना.

दोनची पोरं हिशोबी.
कुणाची फी चार आणे माफ, कुणाची आठ आणे,
कुणाला नुसती पुस्तकं.
मागच्या सीटवर हलक्या आवाजात चालतं,
"तुला किती दिलं?"
वाटणी झाल्यावर भावंडं जेवताना बोलतात तसं,
ताटाकडे बघत.

एक नंबरवाले माझ्या बसमध्ये बसतात वीस मिनिटं,
विमानतळ ते हॉटेल. पुढं पोलिसांच्या मोटरसायकली,
लाल सिग्नलसुद्धा वाट सोडतो;
नवरदेवाच्या वरातीला इतका मान नसेल.
सीटखाली काही सापडत नाही.
त्यांचा कचरा उचलायला वेगळा माणूस,
त्याच्याही शर्टावर बोधचिन्ह.

पण एक नंबरातही वरची पंगत आणि खालची पंगत,
हे कळलं त्या सप्टेंबरात.
खालच्या पंगतीतलं, आमच्याच खोऱ्यातलं एक कॉलेज
वरच्यांच्या स्टेडियमात खेळायला निघालं. नऊ तास.
डिझेल भरताना कोच हर्शबर्गर
कॉफी ढवळत म्हणाला,
"डोरिन, चेक आधीच ठरलाय. वसतिगृहाचा बॉयलर होईल त्यात."
म्हणजे हरायची सुपारीच की, मी म्हटलं.
तो हसला नाही.
"हरायची नाही. यायची."

लाखभर माणूस आत. आमच्या अख्ख्या जिल्ह्यात तेवढं नाही.
मला पार्किंगच्या पुढं सोडलं नाही, पास नव्हता.
बसच्या पायरीवर बसून आवाजावरून स्कोअर मोजला:
गर्जना झाली की त्यांचे सात.
नऊ वेळा मोजले.
एकदाच, तिसऱ्या क्वार्टरात, एवढ्या मोठ्या जागेत
अचानक कुणीच काही बोललं नाही.
ते आमचे तीन.

परतताना बस गप्प.
टोलेडो मागं पडल्यावर अंधारातून किकर, अँसेल पेट्रुस्का,
"बेचाळीस यार्डांवरून मारला मी."
कुणीतरी म्हणालं, "चव्वेचाळीस."
यंग्सटाउन येईपर्यंत त्याचे पन्नास झाले होते.
मी आरशात बघितलं नाही.

मग नोव्हेंबर, डिव्हिजन तीन. बारीक बर्फ,
प्रेक्षक साठेक, एक ट्रम्पेटवाली, एक कुत्रं.
साखळी धरणाऱ्यांतला एक आला नव्हता, त्याची गाय अडली होती.
रेफरी थेट बसपाशी आला, काचेवर टकटक,
"बाई, मोकळ्या आहात का?"

पासबिस काही नाही. नारिंगी जाकीट दिलं, हातात काठी;
साखळीच्या दुसऱ्या टोकाला भूगोलाचा प्रोफेसर,
नाकातून पाणी गळतंय.
मध्ये दहा यार्ड.
हातभर अंतरावर पोरं आदळली,
त्यांच्या श्वासाची वाफ माझ्या चष्म्यावर,
आणि चेंडू पडला काठीच्या अलीकडे. की पलीकडे?
बोटभर जागेवरून दोन्ही कोच तावातावानं भांडायला लागले.
रेफरी गुडघ्यावर बसला, बर्फ बाजूला केला,
वर न बघता मला म्हणाला,
"ताणून धरा. झोल नको."

धरली.