जोडीदार

लेना नदी गोठली की
जहाजाच्या पोटाखालचा बर्फ आम्ही कोरतो.
एक थर काढायचा, थंडीला खाली उतरू द्यायचं,
मग पुढचा. घाई केली तर नदी आत येते.

घाई केली तर घामही येतो.
येगोर मुकादम म्हणतो, उणे पन्नासात
घामेजलेला माणूस अर्धा गेलेलाच.
म्हणून कुऱ्हाड सावकाश.

मिचील आणि मी सप्टेंबरपासून बोलत नाही.
बोटीचं इंजिन. जाऊ दे.
तरी यादीत जोडी आमचीच लागली,
आणि नियम असा, की दर पंधरा मिनिटांनी
एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं.
स्वतःचा गाल स्वतःला दिसत नाही;
पांढरा पडतो तेव्हा दुखत नाही,
दुखायचं थांबतं, तीच खूण.

बघतो. त्याच्या पापण्यांवर दहिवर,
आत राग तसाच.

आज तो कुऱ्हाड टेकवून म्हणाला, "गाल."
चार महिन्यांतला पहिला शब्द.
हातमोजा काढून उघडा तळवा
माझ्या डाव्या गालावर ठेवला.
चोळला नाही. नुसता ठेवला,
कातडी पुन्हा टोचू लागेपर्यंत.

मग तो हात काखेत खुपसून
शेडकडे निघाला, चहाला.

इंजिनाचं मी अजून काही बोललेलो नाही.