रिकाम्या गाडीचं वजन

तुम्ही सगळे म्हणता, ओगिनारा माजोरडा आहे.
आहेच.
भरल्या दरबारात तो पाठ फिरवून बसतो,
बोलताना समोरच्याच्या कपाळावरून पलीकडे बघतो,
पांढरे हातमोजे जेवतानाही काढत नाही.
सत्ताविसाव्या भागात त्यानं मिठागराचे सात बांध फोडले,
खालची वस्ती झोपेत होती.
हे मी नाकारत नाही, खेमू.
माझ्या मोबाइलची काच तडकलीय,
पण दिसतं मला.

सावद्याच्या वजनकाट्यावर माझी रात्रपाळी.
केळीचे ट्रक येतात, बारा चाकी, चौदा चाकी,
लोखंडी फळी कण्हते,
आकडा थरथरतो, थांबतो, मी पावती फाडते.
दोन गाड्यांच्या मधे एक भाग बघून होतो.
खालची इंग्रजी अक्षरं निम्मी कळतात,
निम्मं त्याच्या जबड्यावरून.

तर काट्यावरची साधी गोष्ट:
भरलेली गाडी एकदा मोजून काहीच कळत नाही,
रिकामीही मोजावी लागते.
तुम्ही त्याला मोजलंत
ते फक्त भरलेलं.

आता लगेच त्याचं बालपण काढू नका.
चेतना म्हणते, त्याची आई वारली होती ना गं, म्हणून.
म्हणून नाही.
आया सगळ्यांच्याच मरतात.
रिकामं वजन म्हणजे कीव नव्हे.
रिकामं वजन म्हणजे एकोणिसाव्या भागातले
ते चाळीस सेकंद, तुम्ही पुढे ढकललेत ते,
कारण त्यांत तलवार नव्हती.
तो एकटा. दार लावलेलं. हातमोजे काढलेले.
बाही उसवलीय आणि तो स्वतः टाके घालतोय,
वाईट, वेडेवाकडे.
एका हाकेसरशी शंभर नोकर धावले असते,
पण हाक मारायची म्हणजे
बाही उसवलीय हे कोणाला तरी सांगायचं.

आणि तुमचा तो नायक!
सदा डोळे भरलेले, सदा माफ करायला टपलेला.
शेवटच्या लढाईत म्हणतो, मी तुला क्षमा केली.
ओगिनारा म्हणतो, मागितली कोणी?
तुम्ही चिडलात.
मी भाग थांबवून बाहेर आले, माठातलं पाणी प्याले.
मे महिना, रात्री दोनलाही पत्रा तापलेला,
सातपुड्यात कुठंतरी वणव्याची बारीक लाल रेघ.

मलाही म्हणतात ना.
पन्नास किलो इकडंतिकडं करायला नाही म्हटलं
की ड्रायव्हर पावती ओढत म्हणतो,
लय माज आला तुले.
तो माज मला आवडतो, खोटं कशाला बोलू.

पण निंबाला कामावरून काढलं
तेव्हा चुकलेला आकडा माझ्या हातचा होता.
दोन क्विंटल. दुसऱ्या दिवशी सापडला.
मी मालकाला सांगितलं.
निंबाला नाही.
तो आता फैजपूरच्या नाक्यावर पंक्चर काढतो.
दोनदा स्कूटी घेऊन गेले,
हवा भरून घेतली, पैसे दिले, परत आले.
चाकांत हवा आधीच होती.

बांध फोडल्यावर सहा भागांनी
ओगिनारा तिथं जातो, आठवतं?
मिठाच्या चिखलात उभा राहतो, वाकत नाही.
तुम्ही म्हणालात, बघा, अजून ताठ!
मी त्याचा गुडघा बघत होते.
थरथरत होता,
थांबायच्या आधी आकडा थरथरतो तसा.

केळीचा चीक कापडाला लागला की काळा पडतो,
धुवाल तेवढा पक्का होतो.
बागेत पांढरं घालून जात नाही कोणी आमच्यात.
तो गेला.

सोडून द्या त्याला असं नाही म्हणत मी.
वस्तीतली माणसं राहू देत त्याच्या पावतीवर,
एकही खोडू नका.
फक्त दोन्ही वजनं लिहा.

त्याला कळलं मी बाजू घेतली, तर आभार मानणार नाही.
माझ्या कपाळावरून पलीकडे बघेल,
जिथं आत्ता हॉर्न वाजतोय.

थांब खेमू, गाडी आली.
रिकामी आहे.