तांबडं कुत्रं

सुगलाक्कानं काड्यांच्या जुडीवरची चिठ्ठी वाचली:
तिंता कांव.
कांव म्हणजे कावळा का, मी विचारलं.
कुत्रं, म्हणाली. तांबडं कुत्रं, पोर्तुगालचं.
तिकडं पाव म्हणतानाही
असंच नाकातनं बोलतात.

वीस वर्षं कलमं बांधतोय मी,
सोनाका, शरद, माणिक चमन.
खुंट मात्र एकच, डॉगरीज,
त्याच्या नावातही कुत्रंच.
म्हणजे कारंब्याच्या चुनखडीत, भर सप्टेंबरात,
पाचर तासून, पट्टी गुंडाळून
कुत्र्यावर कुत्रं बसवलं मी
आणि म्हटलं, भुंक आता.

दोन वर्षं गप्प.
शेजारच्या रानात डावणीनं पानं जळाली
तेव्हाही गप्प, हिरवंगार.
तिसऱ्या वर्षी घड आले, मुठीत मावतील एवढे,
मणी करवंदासारखे, साल चामड्याची,
आत बिया.
व्यापाऱ्यानं एक तोंडात टाकला, थुंकला.
जीएत बुडवलं नाही का?
हे फुगवायचं नसतंय, अक्का म्हणाली.
मग काय करायचं असतंय?

ते तिनं मला नंतर सांगितलं,
मोटारीच्या खोलीपुढं बसून, पाय पसरून.
तिकडं नदीच्या दोन्ही अंगांना डोंगर कोरून पायऱ्या केल्यात.
दगडी हौदात मांडीपर्यंत उतरतात माणसं,
एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून रात्री तुडवतात.
रस आंबायला लागला की मधेच
कडक दारू ओततात त्यात,
गोडी जिथं असेल तिथंच थांबते,
दार ओढून घेतल्यासारखी.
एका पिंपात पाच-सहा जाती,
त्यात हे कुत्रं थोडंच.
एवढंसंच का?
अक्का म्हणाली, ते असलं की
दारू म्हातारी होते, मरत नाही.

तोडणीला तिचा नातू आला होता सुट्टीत.
म्हणाला, घमेलं त्यांचाच शब्द,
बादली त्यांची, चावी त्यांची,
पगारसुद्धा.
तोडणीच्या बायका हसल्या.
शब्द कुणाचा का असेना, येसूबाई म्हणाली,
शनिवारी हातावर पडू दे.

कारखान्याचा पोरगा आधी दर आठवड्याला यायचा,
काचेवर थेंब टाकून डोळा लावायचा आभाळाकडं.
एकोणीस. एकवीस. साडेबावीस.
चोवीसला फोन बंद.
आम्ही रिंग वाजू दिली, मग तीही वाजेना.

मग सोलापुरातनं नरसय्या येमूल आला,
अक्काच्या गल्लीतला, जुना रंगारी,
चादरीच्या कारखान्यात चाळीस वर्षं
भट्टीपुढं उभा राहिलेला.
तिंता म्हणजे शाईच की, तो म्हणाला,
बघू तरी तुमची शाई.
सालं कुस्करून सुताची लडी बुडवली.
चिंचेच्या पाण्यात ती कुंकवासारखी झाली,
सोड्यात निळी, मग हिरवट,
मोराच्या मानेला हात लावावा तशी.
आम्ही सगळे वाकून बघत होतो.
तुरटी घालून त्यानं लडी तारेवर टाकली
आणि बिडी ओढत बसला.
चार दिवसांनी ती
जुन्या पावतीच्या रंगाची झाली होती.
कच्चा आहे बे, नरसय्या म्हणाला,
उन्हाला भितंय.
पण लडी घडी करून खिशात घातली त्यानं,
टाकली नाही.

वेलीवर ते उन्हाला भीत नाही.
बेचाळीस डिग्रीत थॉमसनची पानं वळतात,
हे उभं.

अक्काच्या माळ्यावर चिनी मातीच्या तीन बरण्या आहेत,
तोंडाला फडकं बांधलेल्या.
त्यात काय आहे मला माहीत नाही
आणि तुम्हीही विचारू नका.

दोन ओळी काढून टाक, सगळे सांगतात तिला.
पहाटे कावळे उतरतात तारांवर,
राहिलेले घड टोचतात,
आणि एकेक जण त्या वेलीला
अगदी बरोबर नावानं हाक मारतो, नाकातनं.

एप्रिल लागला.
खरड छाटणीला ये, अक्काचा निरोप आला,
एकेक डोळा ठेव.
तिच्या नावाच्या यादीत त्या दोन ओळीही आहेत.
कात्रीला धार लावलीय मी.
नखातलं तांबडं मात्र
अजून गेलेलं नाही.