पंचवीस वर्षांतून एकदा

असं कोष्टकात लिहिलंय.
एवढा पाऊस पंचवीस वर्षांतून एकदा,
म्हणून नऊशे मिलिमीटरचा पाइप पुरे.
कोष्टक माझ्या जन्माआधीचं,
कडा कुरतडलेल्या, मधोमध चहाच्या कपाचा गोल;
तो नऊशेपेक्षा जरा लहान, एवढंच.

पर्वतीमागे ओढा जिथे कोपर मोडतो
तिथे छबूताईंनी दार उघडलं.
आडनाव लोंढे.
“हसू नका मॅडम, सासरचं आहे.”

दाराच्या आतल्या अंगाला, मांडणीशेजारी,
शिसपेन्सिलीच्या बारीक रेघा:
प्रांजल, तीन वर्षं. प्रांजल, बालवाडी. प्रांजल, पहिली.
आणि त्यांना ओलांडून काजळाच्या आडव्या, लांब:
पितृपक्ष, रात्री साडेदहा.
मग आषाढ, भरदुपारी.
मग एक, आकाशकंदील लागल्यानंतरची,
जेव्हा पाऊस गावाला गेलेला असायला हवा.

पंचवीस वर्षांतून एकदा.
प्रांजलला अजून दहावं लागायचंय.

मी टेप लावली.
पितृपक्षातलं पाणी: चार फूट एक इंच.
त्या साली प्रांजल: तीन फूट चार.
“मग ही कुठे होती?”
छबूताईंनी नुसती मान वर केली.
फळी. पिठाचा डबा. डब्याशेजारी रिकामी जागा,
अजूनही काही न ठेवलेली.
मी वहीत आकडा लिहिला,
आणि समासात, जिथे लिहायचं नसतं तिथे,
पिठाचा डबा.

निघताना त्यांनी पाणी दिलं. अर्धा पेला.
“गुरुवार आहे ना, नळ बंद. कालचं उरलंय.”

वरच्या अंगाला निर्झर हाइट्स.
निर्झर तळघराखालून जातो, कोंडलेला,
पहिल्या मजल्यावर त्याचं चित्र लावलंय.
सेक्रेटरी पोफळे साहेबांना म्हटलं,
अंगणातले ब्लॉक उचला, मातीला पिऊ दे थोडं,
खाली जाणारा लोंढा तेवढाच कमी.
“आणि गाड्या चिखलात?” साहेब म्हणाले,
आणि सही करायला वळले.
टँकरचं बिल होतं. एप्रिल, अकरा फेऱ्या.

कात्रजहून शनिवारवाड्याकडे पाणी आणणाऱ्यांनी
वाटेत जागोजागी उच्छ्वास बांधले होते.
पाण्यालाही दम लागतो हे त्यांना ठाऊक होतं.
आम्ही झाकणं बसवली, वरून डांबर घातलं,
आणि झाकण उडालं की म्हणतो, अतिवृष्टी.

ऑफिसात मी नवा हिशोब मांडला.
गेल्या बारा वर्षांचा पाऊस, तासातासाचा.
पाइप नको, दोन मीटरची पेटी हवी,
वर दोन तळी हवीत, उथळ,
एरवी पोरांनी क्रिकेट खेळावं अशी.
फाइल गेली. फाइल आली.
शेरा हिरव्या शाईत:
“काजळाची रेघ हे अधिकृत मोजमाप नाही.
कोष्टकाप्रमाणे करावे.”

मग मी भिंतीचे फोटो जोडले,
छबूताईंचा अंगठा नव्हे, सही जोडली
(त्या रागावल्या होत्या, “मला येतं लिहायला”),
आणि पुन्हा पाठवली.
अजून वरच आहे.
मे संपत आलाय.
टेकडीवर दुपारी ढग येऊन उभे राहतात,
चौकशीला आल्यासारखे.

काल पुन्हा गेले, खुणा पक्क्या करायला.
प्रांजल भिंतीला पाठ लावून उभीच होती,
टाचा चिकटवून, हनुवटी सरळ.
“माझी पण घ्या.”
चार फूट दोन.
तिने वळून काजळाची रेघ पाहिली,
बोटाने अंतर मोजलं, एक इंच,
आणि शेजारच्या पोराला ओरडून सांगितलं,
“मी पाण्याच्या वर गेले!”

मी पेन्सिल कानामागे खोचली.
नव्या हिशोबात या भिंतीवर पाणी
चार फूट नऊ येतं.
तिला सांगितलं नाही.
टेप हातातून सुटली
आणि सर्रकन आत गेली.