आठ वीस ते आठ पन्नास

याकुत्स्कहून सकाळी आठ वीसला सुटायचं,
मॉस्कोत सकाळी आठ पन्नासला उतरायचं.
तिकीट पाहून शेजारची अग्राफेना दरवेळी म्हणते,
"अर्ध्या तासाचा तर प्रवास, वार्वारा,
एवढ्यासाठी कशाला शिदोरी?"

मी तेहतीस वर्षं भूगोल शिकवला.
तिला समजावणं सोडून दिलंय.

चार हजार नऊशे किलोमीटर, थोडे इकडेतिकडे.
साडेसहा तास.
त्यातले सहा घड्याळ गिळून टाकतं.
भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवली
की दोन्ही शहरं सरळ रेघेत येतात,
पण पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणला
की तो वर सरकतो, उत्तरेला,
ध्रुववृत्ताला खांदा घासून मग खाली उतरतो.
सातवीच्या पोरांना हे कधी पटलं नाही.
पहिल्या बाकावरून एर्चिम म्हणाला होता,
"दोरा ढिला धरलायस, आई."
वर्गात आई म्हणायचं नाही, असं ठरलं होतं आमचं.

नदीपलीकडून रात्री तीनलाच निघावं लागतं.
लेना गोठली की तिच्या पाठीवरूनच रस्ता.
पट्टा बांधायचा नाही, बोलायचं कमी,
बर्फ खाली कुरकुरतं ते ऐकत राहायचं.
उणे सत्तेचाळीस.
खोक्यात चिर मासे, सरपणासारखे कडक.
वजन करणारा पोरगा विचारतो,
"मॉस्कोत लाकडं मिळत नाहीत का, आजी?"

मग ती पहाट.
विमान पश्चिमेला पळतं, सूर्य मागून येतो,
गाठतही नाही, सुटतही नाही.
डाव्या खिडकीत मागच्या अंगाला एक तांबूस रेघ,
येनिसेई ओलांडली तरी तेवढीच,
ओब ओलांडली तरी तेवढीच.
दोनदा चहा झाला तरी उजाडेना.
इतकी लांब पहाट मी आधी एकदाच पाहिली होती,
एर्चिमच्या वेळी,
दाई सारखी म्हणत होती, आता, आता.

जाताना दिलेले सहा तास
येताना मुकाट काढून घेतात.
संध्याकाळी बसायचं, सकाळी उतरायचं,
मधली रात्र कुठे गेली ते विचारायचं नाही.
मी नऊदा गेले, नऊदा फेड केली.
एर्चिम गेला अकरा वर्षांपूर्वी, एकेरी तिकिटावर.
त्याच्याकडे आमचे सहा तास राहिलेत.

उइबान गेला तेव्हा इथे पहाटेचे पाच,
तिथे आदल्या रात्रीचे अकरा.
मी फोनवर तारीख सांगितली, चौदा.
तो म्हणाला, "पण आज तर अजून तेरा..."
आणि थांबला.
त्याच्या दिवसात त्याचे वडील
अजून तासभर गेले नव्हते.
मग मी तो तास बोलत राहिले,
पाण्यासाठी कापून आणलेला बर्फ,
गाईचं आटलेलं दूध,
छपराचा निखळलेला पत्रा,
काय वाट्टेल ते.
बारा वाजले तेव्हा त्यानेच म्हटलं, "ठेव आता."

आठ पन्नास. खरंच आठ पन्नास.
बाहेर राखाडी उजेड, आणि उणे चारच्या थंडीत
गळ्यापर्यंत चेन ओढलेली माणसं.
कुन्नेय धावत येते, पुढचे दोन दात नाहीत,
मनगटावर गुलाबी घड्याळ,
नुकतंच वाचायला शिकलेली.
"बाबा म्हणतात आठ वीसला निघालीस.
अर्ध्या तासात आलीस?"

एर्चिम माझ्याकडे बघतो.
याच्या वर्गात मी काय काय शिकवलं होतं.

हो, म्हटलं, अर्ध्या तासात.
हात लावून बघ,
मासे सुद्धा अजून कडक आहेत.