रुमालाखाली

वहीच्या पहिल्या पानावर: बावीस मिनिटं,
तीन लाख चाळीस हजार.
साठ माझे, शिकवण्यांचे.
नव्वद भिशीचे. जयमालाकाकी म्हणाली,
माझा नंबर तू उचल, फ्रिज अजून चालतोय.
कॅमेरा तौफिक मुजावरचा,
लग्नाची तिथी नसेल त्या दिवशी फुकट,
म्हणून आमचं शेड्यूल पंचांगात.

उरलेल्यासाठी मार्केट यार्डात,
नेमगोंडा अण्णांच्या अडतीवर.
सौदे उठलेले. हमाल पोत्यांवर आडवे.
बाकावर टेकले तेवढ्यात ओढणी पिवळी.

"गोष्ट काय?"
एक बाई. सांडलेली हळद झाडते.
रात्री लेक तिचे हात धुते. रंग जात नाही.
"शेवटाला जातोय?"
नाही.
"मग लोकं काय बघाय येत्यात?"
हात, म्हटलं.

अण्णा बराच वेळ पंख्याकडं बघत राहिले.
"हळदीचा भाव पडला तरी हळद राहती.
तुझा पिक्चर पडला तर काय राहतंय?"
उत्तर वहीत नव्हतं.
'इतर खर्च' या रकान्यातही बघितलं मी.

मग त्यांनी खुंटीवरचा रुमाल काढला,
ज्याच्याखाली त्यांचे वडील बोटं दाबून भाव करायचे.
पुढं केला, आणि थबकले.
परक्या पोरीचा हात कसा धरायचा?
रुमाल माझ्याच हातांवर टाकला.
"तुझी तूच धर. आत काय ते ठरव,
बाहेर एकदाच सांग."

आत तपकिरीचा वास, थोडी ऊब.
एक बोट ड्रोनचं. मिटलं.
पोस्टरचं मिटलं.
माझ्या पगाराचं तर आधीच वाकडं होतं.
साउंडचं मिटेना.
झाडणाऱ्या शांताक्काच्या तीन दिवसांच्या बुडीत रोजाचं
मिटवायला गेले, नाही मिटलं.

एक लाख वीस, म्हटलं.
"ऐंशी. गोडाऊन तीन रात्री, लाइटबिल माझं.
दुकानाची पाटी तेवढी दिसू दे."

कागद? तर त्यांनी पट्टीबुक ओढलं,
कार्बन घातला, लिहिलं:
माल – पिक्चर. नग – एक. भाव – बघून.
हमाली, तोलाई वजा नाही.

अजून चाळीस कमी.
उद्या तासगाव, बेदाण्याचे सौदे सुरू व्हायच्या आत.
स्टँडवर तौफिकचा फोन:
अठराला मिरजेत लग्न निघालंय,
अठरा सोड.